निघालेला डेटा, पोचलेला डेटा

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं अंकुशनगर हे कारखान्याचं गाव. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेल्या या वस्तीला माजी खासदार अंकुशराव टोपे यांचं नाव आहे. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, शिवारातून जायकवाडीचा डावा कालवा जातो आणि गाळप सुरू झालं की रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग लागते. काट्यावरच्या वजनाची किंमत इथल्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावी लागत नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपीचे, म्हणजे रास्त व किफायतशीर दराचे, पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्क्यांनी व्याज लागतं. 2024-25 च्या हंगामात हा दर 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये होता. हे सगळं गणित वजनाच्या एका नोंदीवर उभं असतं. म्हणूनच फडातून गाडी निघाली म्हणजे ऊस पोचला असं इथे कुणी धरत नाही. काट्याची पावती हातात आली की मगच तो पोचला.

बॅकअपलाही हीच शिस्त लावायला हवी. आपल्या यंत्रातून डेटा निघाला एवढ्यावर बहुतेक जण समाधानी असतात. तो क्लाउडमध्ये पूर्ण पोचला का, आणि मागितला तर परत येतो का, हे दोन प्रश्न डिस्क मरेपर्यंत कुणी विचारत नाही. बिघडलेला बॅकअप दुरुस्त करायचा म्हणजे या दोन प्रश्नांची उत्तरं एका क्रमाने शोधायची.

नॅस म्हणजे काय, आणि काय नाही

नॅस ही जाळ्याला जोडलेली साठवणपेटी. आत दोन, चार किंवा अधिक हार्ड डिस्क, एक छोटा प्रोसेसर आणि बहुधा लिनक्सवर बेतलेली प्रणाली. राउटरला जोडली की घरातल्या किंवा दुकानातल्या सगळ्या संगणकांना ती एक मोठी सामायिक डिस्क म्हणून दिसते. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या तैवानी कंपन्यांच्या पेट्या आपल्याकडे बऱ्याच दिसतात. फोटो स्टुडिओ, सीएची कार्यालयं, दवाखाने, पतसंस्था, शाळा यांना त्या सोयीच्या पडतात.

पेटी घेताना दुकानदार सांगतो, 'दोन्ही डिस्कवर एकच डेटा राहतो, एक गेली तरी काळजी नाही.' याला रेड म्हणतात आणि दुकानदार खोटं बोलत नाही. पण रेड वाचवतं ते फक्त एक डिस्क बिघडण्यापासून. चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जातं. वीज पडली, पाणी शिरलं, चोरी झाली, तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात. 21 जून 2012 ला मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वर पसरली तेव्हा माणसांचे जीव गेले, आणि त्याबरोबर ज्यांची दुसरी प्रत इतरत्र नव्हती असे कागदही गेले. एकाच इमारतीतल्या दोन प्रती आगीच्या हिशेबात एकच धरायच्या.

म्हणून तिसरी प्रत दूर हवी. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराच्या नावाने ओळखला जातो. डिजिटल फोटो सांभाळण्याच्या अडचणीतून तो आला, आणि आज संगणकक्षेत्रात सगळीकडे तोच सांगितला जातो. ती दूरची प्रत आता बहुतेक जण क्लाउडवर ठेवतात. नॅसमधलं एक सॉफ्टवेअर ठरलेल्या वेळी बदललेल्या फाईली शोधतं, बांधतं, कुलूपबंद करतं आणि इंटरनेटवरून वर चढवतं. या वाटेवर पाच-सहा ठिकाणी अडण्याची शक्यता असते.

पाच उपाय, आणि पाचही फसलेले

बॅकअप शांतपणे मरतो म्हणजे काय, हे गिटलॅब या कंपनीच्या उदाहरणाइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड या सेवेवर ठेवतात. 31 जानेवारी 2017 च्या रात्री डेटाबेसची अडचण सोडवताना तिथल्या एका अभियंत्याने पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर चालवली. सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरल्यावर त्याच्या ते लक्षात आलं.

बॅकअप होते, आणि तेही अनेक प्रकारचे. रोजची प्रत ॲमेझॉनच्या एस3 क्लाउडवर जायला हवी होती. तिथलं खातं उघडलं तर ते रिकामं. डेटाबेसची आवृत्ती 9.6 होती आणि प्रत काढणारं साधन 9.2 चं चालत होतं. त्यामुळे ते काम रोज सुरू होऊन लगेच कोसळत होतं. कोसळल्याची सूचना ई-मेलने जात होती. पण त्या मेलवर आवश्यक सही नव्हती, म्हणून समोरचा मेलसर्व्हर ते नाकारत होता. डिस्कची छायाप्रत घेण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती. शेवटी उपयोगी पडली ती एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली प्रत. सेवा जवळपास 18 तास बंद राहिली आणि त्या सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या.

गिटलॅबने हे सगळं लपवलं नाही. दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि नंतर सविस्तर अहवाल छापला. त्या अहवालातून प्रत्येकाने एक गोष्ट घ्यायला हवी. तिथली माणसं निष्काळजी नव्हती. प्रत्येक उपाय स्वतंत्रपणे ठीक वाटत होता, पण त्यातला प्रत्येक उपाय खरोखर चालतो का हे तपासणं कुणा एकाचं काम नव्हतं. आपल्या दुकानात, कार्यालयात, घरात ते काम कुणाचं आहे, हे आजच ठरवा.

आधी प्रथमोपचार

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. अंकुशनगरमधला एक फोटो स्टुडिओ. दोन डिस्कची नॅस पेटी, त्यात गेल्या काही वर्षांच्या लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ मिळून 2 टीबी. रोज रात्री 11 ला बॅकअप सुरू होतो. एका सकाळी पडद्यावर लाल खूण आणि 'बॅकअप अयशस्वी' हा संदेश.

बहुतेक जण लगेच 'पुन्हा प्रयत्न करा' दाबतात, नाही चाललं तर बॅकअपचं काम पुसून नवं तयार करतात. हे करू नका. जुनं काम पुसताना क्लाउडमधल्या जुन्या प्रतीही पुसल्या जाऊ शकतात, आणि नेमकं काय बिघडलं याचा पुरावा नाहीसा होतो.

पहिलं काम वेगळंच आहे. एक बाहेरची यूएसबी डिस्क नॅसला जोडा आणि सगळ्यात महत्त्वाच्या फाईलींची प्रत तिच्यावर काढा. क्लाउडची वाट अडलेली असताना दूरची प्रत जुनी होत चालली आहे, आणि बॅकअप अडण्याचं कारण कधीकधी हेच असतं की पेटीतली डिस्कच मरायला टेकली आहे. फाईल वाचताच आली नाही तर सॉफ्टवेअर थांबतं. म्हणून नॅसच्या सेटिंगमध्ये डिस्कचं आरोग्य पाहा. वाचता न येणाऱ्या सेक्टरची संख्या वाढत असेल तर क्लाउडचा विचार नंतर, आधी डिस्क बदला.

दुसरं काम नोंदवही वाचण्याचं. प्रत्येक नॅसमध्ये लॉग असतो. लाल खुणेवर सगळ्या चुका सारख्याच दिसतात, लॉगमध्ये मात्र वेळ, फाईलचं नाव आणि चुकीचा संदेश वेगळा लिहिलेला असतो. पहिल्याच सेकंदाला थांबलं का, दर वेळी एकाच फाईलवर थांबलं का, की तीन-चार तास नीट चालून मग तुटलं? या तीन प्रश्नांवरच निम्मं निदान होतं. पहिल्याच सेकंदाला थांबलं तर शंका परवानगी, घड्याळ किंवा जोडणीवर घ्या. एकाच फाईलवर थांबत असेल तर त्या फाईलीत दोष आहे. तासांनी तुटत असेल तर लाईन, वीज किंवा क्लाउडमधली जागा तपासा.

तिसरं काम छोट्या चाचणीचं. फक्त एक लहान फोल्डर घेऊन त्याच क्लाउडवर एक नवं, वेगळं बॅकअप-काम बनवा. ते पोचलं तर वाट मोकळी आहे, दोष मोठ्या कामाच्या आकारात किंवा फाईलींत आहे. तेही अडलं तर फाईलींकडे पाहण्यात वेळ घालवू नका. नंतर हेच छोटं काम मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून करून पाहा. तिथून गेलं आणि ब्रॉडबँडवरून जात नसेल, तर दोष राउटर किंवा लाईनकडे आला. दर वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते लिहून ठेवा.

वीज आणि घड्याळ

ग्रामीण मराठवाड्यात वीज जाते-येते, हे बॅकअपच्या आखणीत धरूनच चालायला हवं. अपलोड चालू असताना पेटी बंद पडली तर बॅकअपची अनुक्रमणिका अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी सॉफ्टवेअर 'काम आधीच चालू आहे' किंवा 'तपासणी आवश्यक' म्हणून अडून बसतं. अशा वेळी त्यातला अखंडतेच्या तपासणीचा पर्याय चालवावा. तो वेळ घेतो, पण मोडलेला दुवा शोधतो. त्याहून बरं म्हणजे नॅसला यूपीएस लावून त्याची यूएसबी तार पेटीला जोडणं. मग बॅटरी संपत आली की यूपीएस पेटीला कळवतो आणि ती स्वतः नीट बंद होते. नुसता यूपीएस लावला आणि तार जोडली नाही, तर पेटीला वीज गेल्याचं कळतच नाही.

विजेची दुसरी इजा घड्याळाला होते. जुन्या पेटीतली नाण्याएवढी बॅटरी संपली असेल तर वीज परत आल्यावर तिची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. क्लाउडला ते चालत नाही. ॲमेझॉनची एस3 सेवा पेटीच्या आणि तिच्या घड्याळात 15 मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला की मागणी नाकारते, कारण जुनी, चोरलेली मागणी पुन्हा पाठवून कुणी आत शिरू नये. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रंही तारखेवर तपासली जातात. घड्याळ चुकलं की खरं प्रमाणपत्र खोटं ठरतं. पासवर्ड बरोबर असूनही 'प्रवेश नाकारला' येत असेल तर आधी तारीख पाहा आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवण्याचा पर्याय चालू करा.

घड्याळ बरोबर असूनही जुन्या पेट्या अडकतात. 30 सप्टेंबर 2021 ला लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर विसंबून होती त्याची मुदत संपली, आणि बरीच वर्षं अद्ययावत न केलेली उपकरणं जगभर एकाच दिवशी सुरक्षित संकेतस्थळांना ओळखेनाशी झाली. 'काल चालत होतं, आज नाही, मी काहीच बदललं नाही' या तक्रारीत तथ्य असू शकतं. उपकरण तसंच राहिलं, जग बदललं. त्यामुळे पेटीची प्रणाली अद्ययावत ठेवणं हा बॅकअपचाच भाग आहे.

लाईनचं गणित

आता मोठं कारण. ब्रॉडबँडची जाहिरात डाउनलोडचा वेग सांगते. बॅकअपला लागतो तो अपलोडचा, आणि तो अनेक योजनांत बराच कमी असतो. आपल्या स्टुडिओचा अपलोड 10 एमबीपीएस आहे असं धरा. हा आकडा बिटचा. बाइटमध्ये आणायला आठने भागायचं, म्हणजे सेकंदाला 1.25 एमबी. तासाला साडेचार जीबी. रात्री 11 ते सकाळी 6 या सात तासांत, लाईन एकदाही न तुटता, साडेएकतीस जीबी. 2 टीबी म्हणजे 2,000 जीबी चढवायला 64 रात्री लागतात. मध्ये दोन दिवसांच्या लग्नाची 64 जीबीची चार कार्डं आली तर त्यांच्याच सुमारे आठ रात्री. लग्नसराईत बॅकअप कधी पुरा होतच नाही. तो बिघडलेला नसतो, त्याला वेळच पुरत नाही.

यावर उपाय आहेत. पहिली मोठी प्रत आपल्या लाईनवरून न चढवता नॅस किंवा डिस्क जालना-संभाजीनगरला वेगवान फायबर असलेल्या ठिकाणी नेऊन चढवावी, मग गावातून रोजचे बदल तेवढे जातील. बॅकअप फक्त रात्री चालवण्याऐवजी दिवसा वेगाची मर्यादा घालून चोवीस तास चालू ठेवता येतो. आणि कामाचे दोन भाग करावेत. ग्राहकाला दिलेले अंतिम फोटो पहिल्या कामात, कच्चे व्हिडिओ दुसऱ्यात. मग पहिलं काम रोज पुरं होतं.

लाईनचा एक दोष फसवा असतो. लहान फाईली पटापट जातात, मोठ्या मात्र अडकून बसतात आणि काही वेळाने 'टाइमआउट' येतं. इंटरनेटवर डेटा छोट्या पाकिटांतून जातो. नेहमीच्या जाळ्यात पाकिटाची कमाल लांबी, म्हणजे एमटीयू, 1,500 बाइट असते. पीपीपीओई पद्धतीच्या, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो अशा जोडणीत त्यातले 8 बाइट त्या पद्धतीलाच लागतात आणि 1,492 उरतात. राउटर किंवा वाटेतलं एखादं यंत्र ही तडजोड नीट कळवत नसेल तर भरलेली पाकिटं निमूटपणे गायब होतात. संकेतस्थळं उघडतात, मेल जातो, म्हणून नेट ठीक आहे असं सगळे म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये एमटीयू 1492 केलं की अडकलेलं अपलोड बऱ्याचदा सुटतं.

परवानगी, जागा आणि पैसे

नॅस क्लाउडमध्ये शिरते ती तुमचा पासवर्ड वापरून नाही. पहिल्यांदा जोडताना तुम्ही क्लाउडच्या पानावर 'परवानगी द्या' दाबता, तेव्हा पेटीला एक किल्ली मिळते. तुम्ही सुरक्षेच्या सेटिंगमधून जुनी उपकरणं काढून टाकली, किल्ली बराच काळ वापरली गेली नाही, किंवा ज्या कर्मचाऱ्याच्या खात्यावरून जोडणी केली तो नोकरी सोडून गेला आणि त्याचं खातं बंद झालं, तर ती किल्ली मरते. उपाय सोपा आहे, जोडणी पुन्हा अधिकृत करायची. पण कायमचा धडा असा की बॅकअप कुणा व्यक्तीच्या खात्यावर नसावा. संस्थेचं स्वतंत्र खातं असावं.

जागेबाबतही गफलत होते. गूगलचे मोफत 15 जीबी हे जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून असतात. मोबाईलमधल्या फोटोंनी ती जागा भरली की नॅसचा बॅकअपही थांबतो आणि जीमेलवर मेल येणंही. बॅकअपच्या जुन्या आवृत्त्या किती ठेवायच्या याची मर्यादा घातली नसेल तर विकत घेतलेली जागाही एक दिवस भरते.

पैशाचं कारण भारतीय ग्राहकाच्या खास वाट्याला आलेलं आहे. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीचे नियम कडक केले. आधी नोंदणी, कापण्यापूर्वी सूचना, आणि 5,000 रुपयांवरच्या प्रत्येक वर्गणीला दरवेळी ओटीपी. जून 2022 मध्ये ती मर्यादा 15,000 रुपये झाली. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगला आहे. पण त्या बदलात अनेकांच्या परदेशी सेवांच्या वर्गण्या अडल्या, आणि आजही कार्ड बदललं किंवा मंजुरीचा संदेश नजरेतून सुटला की वर्गणी भरली जात नाही. क्लाउड कंपनी काही काळ वाट पाहते, मग अपलोड थांबवते, आणि शेवटी डेटाही पुसू शकते. म्हणून लॉग पाहताना वर्गणीचं पानही उघडून पाहा.

मराठी नावांची लांबी

एकाच फाईलवर थांबणाऱ्या बॅकअपमध्ये आपल्या लिपीचा संबंध असू शकतो, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत हे फारसं सापडत नाही. लिनक्समध्ये फाईलच्या नावाला 255 बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन. आणि इथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'अंकुशनगर' लिहायला आठ चिन्हं, म्हणजे 24 बाइट लागतात. इंग्रजीत 255 अक्षरांचं नाव चालतं तिथे मराठीत 85 चिन्हांत मर्यादा संपते. सिनॉलॉजीच्या कुलूपबंद फोल्डरमध्ये तर नावाची मर्यादा 143 इंग्रजी अक्षरांवर येते. तीन बाइटच्या चिन्हांची फक्त 47 बसतात. वधू-वरांची पूर्ण नावं, गाव, तारीख, 'हळदी समारंभ', 'अंतिम निवड' असं सगळं एका नावात भरलं की मर्यादा ओलांडलीच. एस3 मध्ये फोल्डरांच्या वाटेसकट पूर्ण नाव 1,024 बाइटांत बसावं लागतं, म्हणजे नावात नाव, फोल्डरात फोल्डर असेल तर ती मर्यादाही पुरत नाही.

वनड्राइव्हला नावात विसर्गासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह, तारा, उभी रेघ ही कीबोर्डवरची चिन्हं चालत नाहीत. नॅसच्या लिनक्सला त्यांचं वावडं नसतं. म्हणून पेटीत सुखाने राहिलेली फाईल क्लाउडच्या दारात अडते.

एक अडचण तर डोळ्यांना दिसतच नाही. 'कऱ्हाड' मधला 'ऱ' संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो, एकच चिन्ह म्हणून किंवा 'र' आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. विंडोजवर सहसा पहिला प्रकार उमटतो. मॅकची जुनी फाईलपद्धत नाव साठवताना त्याचा दुसरा प्रकार करत असे. पडद्यावर दोन्ही नावं एकसारखी, पण यंत्राच्या लेखी दोन वेगळी फोल्डरं. मग बॅकअप एक चढवतो, दुसरं 'सापडत नाही' म्हणतो. मराठीत नावं द्यायलाच हवीत, आपली भाषा आपल्या यंत्रांत राहायलाच हवी. फक्त नाव छोटं ठेवावं, तारीख आकड्यांत सुरुवातीला लिहावी आणि बाकीचा तपशील आतल्या माहितीच्या फाईलीत लिहावा.

उघड्या फाईलींचाही प्रश्न असतो. टॅलीसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर रात्रभर उघडं ठेवलं तर त्याच्या फाईली बॅकअपच्या वेळी बदलत असतात. मग एक तर बॅकअप त्या वगळतो, किंवा अर्धी आधीची आणि अर्धी नंतरची अशी निरुपयोगी प्रत घेतो. नॅसमध्ये स्नॅपशॉटची सोय असेल तर आधी त्या क्षणाची गोठवलेली प्रत घ्यावी आणि बॅकअप तिच्यावरून चालवावा. नसेल तर संध्याकाळी टॅली बंद करण्याची शिस्त पाळावी.

यशस्वी, तरी निरुपयोगी

आता त्याहून कठीण भाग. हिरवी खूण आहे, रोज 'यशस्वी' येतं, तरीही बॅकअप कामाचा नाही, असं होऊ शकतं.

सगळ्यात सामान्य कारण म्हणजे बॅकअपऐवजी सिंक लावलेलं असणं. सिंकचं काम दोन्ही बाजू सारख्या ठेवणं. इथे पुसलं की तिथेही पुसलं. खंडणीखोर सॉफ्टवेअरने इथल्या फाईली कुलूपबंद केल्या की काही वेळात क्लाउडमध्येही कुलूपबंदच दिसतात, आणि सिंक 'यशस्वी' सांगतं. जुन्या आवृत्त्या जपत असेल तरच त्याला बॅकअप म्हणता येतं.

एप्रिल 2021 मध्ये क्यूलॉकर या खंडणीखोराने जगभरच्या क्यूनॅप पेट्यांतल्या फाईली पासवर्ड घातलेल्या संकुचित फाईलींत कोंडल्या आणि 0.01 बिटकॉइन मागितले. तो शिरला होता बॅकअप घेणाऱ्याच सॉफ्टवेअरमधल्या दोषातून. नॅसचं लॉगिनपान इंटरनेटवर उघडं ठेवू नये आणि अद्ययावतीकरण टाळू नये, हे त्यातून शिकायचं.

त्याच्या महिनाभर आधीचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मार्च 2021 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. मुंबईच्या मुख्यालयासह राज्यभरच्या कार्यालयांचं काम विस्कळीत झालं. महामंडळाने तेव्हा सांगितलं की बॅकअपच्या फाईली जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या असल्याने त्यांना लागण झाली नाही. हल्ला रोखता आला नाही, पण वेगळी ठेवलेली प्रत उरली. लहान स्टुडिओलाही हे करता येतं. क्लाउडला पेटीकडून नव्या फाईली लिहिण्याची परवानगी द्यावी, जुन्या पुसण्याची देऊ नये, आणि एक यूएसबी डिस्क एरवी पूर्ण काढून, कपाटात ठेवावी.

बॅकअपचं साधनही डेटा खाऊ शकतं. डिसेंबर 2021 मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपची प्रणाली चालू असतानाच तिची सुधारित आवृत्ती वर टाकली गेली. अर्धवट वाचल्या गेलेल्या आज्ञांनी जुन्या नोंदींऐवजी संशोधकांच्या खऱ्या फाईली पुसल्या. 77 टीबी डेटा, सुमारे 3 कोटी 40 लाख फाईली आणि 14 संशोधनगट त्यात सापडले. चालू बॅकअपला हात लावू नये हा नियम यातून पक्का होतो.

आणि किल्ली. क्लाउडवर जाणारा डेटा कुलूपबंद करणं योग्यच आहे. पण त्या कुलपाचा पासवर्ड त्याच नॅसमधल्या फाईलीत लिहून ठेवला, तर पेटी जळाल्यावर क्लाउडमधली प्रत शाबूत राहूनही कायमची बंद होते. तो कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावा, आणि घरातल्या किंवा भागीदारीतल्या आणखी एका माणसाला त्याची जागा माहीत असावी.

शांतता म्हणजे सुरक्षितता नव्हे

गिटलॅबचे इशारे मेलसर्व्हरने नाकारले होते. तसंच आपल्याकडे घराघरांत घडून गेलं आहे. अनेक जुन्या पेट्या जीमेलच्या नेहमीच्या युजरनेम-पासवर्डने मेल पाठवत. 30 मे 2022 पासून गूगलने ही सोय बंद केली. त्या दिवसापासून ज्या पेट्यांचं सेटिंग बदललं नाही त्यांचे इशारे मालकापर्यंत पोचेनासे झाले. मेल येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असा समज मात्र चालूच राहिला.

म्हणून 'बिघडलं तर कळव' हे सेटिंग पुरेसं नाही. 'यशस्वी झालं तरी कळव' हेही चालू ठेवा. मग ठरलेल्या दिवशी मेल आला नाही की ती अनुपस्थितीच इशारा देते. नॅसचं चाचणी-मेल पाठवण्याचं बटण महिन्यातून एकदा दाबा. क्लाउडचं पान उघडून शेवटच्या बॅकअपची तारीख आणि एकूण आकार स्वतः पाहा. नॅसमध्ये 2 टीबी आणि क्लाउडमध्ये 40 जीबी असेल तर हिरव्या खुणेवर विश्वास ठेवू नका.

आणि शेवटी परीक्षा. दर तीन महिन्यांनी तीन फाईली निवडा. एक कालची, एक सहा महिन्यांपूर्वीची, एक सगळ्यात जुनी. त्यातली एक मराठी नावाची आणि एक मोठा व्हिडिओ असू द्या. नॅसला हात न लावता, दुसऱ्या संगणकावर, क्लाउडमधून त्या परत आणा आणि उघडून शेवटपर्यंत पाहा. किती वेळ लागला तो मोजा. 2 टीबी परत आणायला किती दिवस लागतील याचा अंदाज त्यातूनच मिळतो. हे काम ज्याने बॅकअप लावला त्याच्याऐवजी दुसऱ्याने करावं, कारण संकटाच्या दिवशी तोच माणूस हजर असेल असं नाही.

ही परीक्षा पास झाली की पेटीवर एक चिठ्ठी चिकटवा आणि तारीख लिहा. लॉगमधली 'यशस्वी' ची तारीख नको, फाईल परत आल्याची तारीख लिहा. तुमच्याकडे बॅकअप आहे हे तुम्ही खात्रीने फक्त त्या तारखेपर्यंतच म्हणू शकता.